देवभात आणि साळ यांचा संकर : कुंडीत करून पाहण्याची आणि पुढच्या पिढ्या वाचण्याची रीत

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही हा नियम जिथे अजून पाळला जातो, त्या घरांतून भाद्रपद उजाडला की देवभाताची चौकशी सुरू होते. तळ्याच्या काठाला, ओहोळाच्या साचलेल्या पाण्यात किंवा पडीक खाचरात न पेरता उगवणारे, लांब कुसळांचे, काळपट तुसाचे आणि लालसर दाण्याचे हे भात आपल्या साळीच्या पूर्वजांच्या कुळातले आहे. या एका नावाखाली व्यवहारात दोन जाती मोडतात. ओरायझा निवारा ही एका पावसाळ्यात आयुष्य संपवणारी जात, जिच्या नावात संस्कृतातला ‘नीवार’ अजून ऐकू येतो. आणि ओरायझा रुफिपोगॉन ही बुंध्यातून पुन्हा फुटणारी, अनेक वर्षे टिकणारी जात. दोन्हींची गुणसूत्रे साळीइतकीच, म्हणजे २४ असून त्यांचा गुणसूत्रसंचही साळीच्याच ‘एए’ गटातला आहे. त्यामुळे या दोहोंचा साळीशी संकर प्रयोगशाळेच्या मदतीवाचून, घराच्या पडवीत, चिमटा आणि कागदी पिशवी एवढ्या सामग्रीवर करता येतो.

संकर करणे हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग असतो तो पुढच्या दोन-तीन पिढ्या योग्य रीतीने वाचण्याचा, आणि बहुतेक हौशी माणसे तिथेच सोडून देतात, कारण पहिल्या पिढीचे झाड जवळजवळ पूर्ण रानटी दिसते. ते तसेच दिसायला हवे, आणि त्यावरून संकराची किंमत ठरवू नये.

आधी हेतू ठरवून घ्यावा. गुण पिढ्यांतून कसे उतरतात हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर देवभातासारखे दुसरे साधन नाही, कारण त्याचे बहुतेक गुण नुसत्या नजरेने ओळखू येतात. परंतु खारेपाटात तगणारे भात हवे म्हणून कोणी रान भाताकडे वळणार असेल, तर त्याने आधी घरचा ठेवा पाहावा, असे माझे मत आहे. काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे आपल्याच किनाऱ्यावरचे खार सोसणारे वाण आहेत, पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने दिलेले पनवेल नावाचे वाण आहेत, आणि जगभर वापरला गेलेला खार सोसण्याचा जनुकीय पट्टा केरळच्या पोक्कळी या लागवडीच्या भातातून आला आहे. खारट चिखलात वाढणारे पोर्टेरेशिया कोआर्क्टाटा हे भाताचे दूरचे नातलग मोहात पाडते खरे. पण त्याची गुणसूत्रे ४८ आहेत आणि साळीशी त्याचा संकर घरगुती प्रयत्नाने होत नाही.

रानाकडे जावे ते लागवडीच्या भातात जे सापडतच नाही त्यासाठी. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे आहे. ग्रासी स्टंट या विषाणुजन्य रोगाला दाद न देणारे भात शोधण्यासाठी तिथे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले, आणि खात्रीची प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गेलेल्या ओरायझा निवाराच्या एका नमुन्यात. ती एका प्रभावी, म्हणजे एकच प्रत असली तरी गुण दाखवणाऱ्या, जनुकावर अवलंबून असल्यामुळे साळीशी वारंवार संकर करूनही हातची गेली नाही, आणि १९७४ साली आयआर-२८, आयआर-२९ आणि आयआर-३० हे वाण बाहेर पडले.

आई कोणती, बाप कोणता

साळ आई म्हणून घ्यावी आणि देवभात बाप म्हणून, याला तीन कारणे आहेत. पहिले असे की, पुंकेसर काढताना चूक होऊन आईचेच पराग कुक्षीवर पडले, तर त्या दाण्यातून साधे साळीचे रोप येते आणि ते लगेच ओळखू येते. उलट बाजूने संकर केला तर चुकलेले रोप देवभात असते आणि खऱ्या संकराचे रोपही देवभातासारखेच दिसते. दुसरे कारण, देवभाताचा दाणा पिकताक्षणी गळतो आणि मेहनतीचे दाणे चिखलात जातात. तिसरे कारण पेशीद्रव्याचे, म्हणजे पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या द्रव्याचे आहे. पेशीद्रव्य केवळ आईकडून येते, आणि रान भाताच्या पेशीद्रव्यात साळीचे जनुक आले की काही वेळा परागच वांझ निघतात. चीनमध्ये भात-संशोधक युआन लाँगपिंग यांच्या पथकाला १९७० साली हैनान बेटावर सापडलेल्या अशाच वांझ परागाच्या रान भातावर तिथले संकरित भात उभे राहिले. त्यांना तो दोष हवाच होता. आपल्याला नको आहे.

आईसाठी हळवा, आखूड उंचीचा, पांढऱ्या दाण्याचा आणि बिनकुसळाचा वाण निवडावा, म्हणजे दोन्हींतला फरक ठळक राहतो. कर्जत-३ चालतो. फुलोऱ्याची वेळ जुळवणे मात्र कष्टाचे आहे. हळवे भात दिवस मोजून निसवते, तर देवभात, विशेषतः बहुवर्षायू जात, दिवस लहान होऊ लागल्याशिवाय निसवत नाही. म्हणून साळीची पेरणी बारा-बारा दिवसांच्या अंतराने तीन वेळा करावी. तरीही जुळत नसेल, तर देवभाताच्या कुंडीवर संध्याकाळी पाच वाजता काळे पिंप पालथे घालून सकाळी सात वाजता काढावे. तीन-चार आठवडे असे केल्याने झाडाला दिवस लहान झाल्याचा भास होतो आणि ते लवकर निसवते.

पुंकेसर काढणे आणि पराग देणे

भाताच्या फुलात सहा पुंकेसर आणि पिसासारख्या दोन कुक्षी असतात, आणि ती दोन तुसांच्या आत बंद असतात. लोंबी पोटरीतून निम्म्याहून थोडी अधिक बाहेर आली की त्या दिवशी दुपारी चारनंतर काम सुरू करावे. शेंड्याची उमललेली फुले आणि तळाची कोवळी फुले कात्रीने काढून टाकावीत. उरलेली फुले उजेडाकडे धरून पाहिली असता आतले परागकोश पिवळसर सावलीसारखे दिसतात. ती सावली फुलाच्या निम्म्या उंचीपर्यंत चढली असेल तर ते फूल दुसऱ्या दिवशी उमलणार असे समजावे. अशा फुलांचा वरचा एक-तृतीयांश भाग तिरका कापावा आणि बारीक टोकाच्या चिमट्याने सहाही परागकोश एकेक करून उचलावेत. पाच निघाले आणि सहावा तुसाला चिकटून राहिला, ही चूक सर्वांकडून होते, म्हणून प्रत्येक फूल पुन्हा उजेडाकडे धरावे. एका लोंबीवर तीस-चाळीस फुले झाली की पुरे. त्यापुढे हात आणि डोळे दोन्ही थकतात.

हे जमत नसेल त्याला गरम पाण्याची रीत आहे. उमलण्याआधी सकाळी लोंबी वाकवून थर्मासमधल्या ४३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून ठेवावी. त्यामुळे पराग मरतात आणि कुक्षी जिवंत राहते. थोड्या वेळाने जी फुले आपोआप उघडतील तेवढीच ठेवावीत, बाकीची कापावीत. येथे तापमापक अनिवार्य आहे. पाणी दोन-तीन अंशांनी चढले तरी कुक्षीलाही इजा होते.

काम झालेली लोंबी बटर पेपरच्या पिशवीत बंद करून तारीख लिहावी. कोकणात या पिशव्यांचा खरा शत्रू पाऊस आहे. भिजलेला कागद लोंबीला चिकटतो आणि दोन दिवसांत बुरशी धरते. त्यामुळे मी आईची झाडे पहिल्यापासून बादलीत वाढवतो आणि फुलोऱ्याचे आठ-दहा दिवस पडवीत आणून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या सुमारास देवभाताची फुले उघडतात. झाकोळ असेल तर आणखी उशीर होतो, तेव्हा घाई करू नये. परागकोश बाहेर लोंबकळू लागताच लोंबी कापून आणावी आणि आईच्या कापलेल्या फुलांवर हलक्या हाताने झटकावी. भाताच्या परागाचे आयुष्य काही मिनिटांचे असते, त्यामुळे बाप शेजारच्या वाडीत आणि आई आपल्या पडवीत अशी व्यवस्था उपयोगाची नाही. कुक्षी मात्र दोन-तीन दिवस ताजी राहते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पराग द्यावेत.

चार दिवसांत कापलेल्या तुसातून हिरवी टोके वर येताना दिसली की संकर लागला. हे दाणे अर्धे उघडे राहतात, आकाराने लहान आणि तपकिरी होतात, आणि सुमारे पंचवीस-तीस दिवसांत पिकतात. ते सावलीत सुकवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावेत.

पहिली पिढी, आणि दाण्याच्या रंगाचा एक फसवा मुद्दा

संकरित दाणा सोलून पाहिला तर तो पांढराच असतो, आणि येथे अनेकांचा धीर सुटतो. बाप लाल असताना दाणा पांढरा कसा? याचे उत्तर असे की, तांदळाचा लाल रंग कोंड्याच्या थरात असतो, आणि हा थर आईच्या झाडाच्या पेशींचा बनलेला असतो. आई पांढरी, म्हणून तिच्यावर लागलेला दाणाही पांढरा, मग आतला गर्भ कोणाचाही असो. त्या दाण्यातून उगवलेल्या झाडाच्या लोंबीतले सगळे दाणे मात्र लाल निघतात. म्हणजेच हा रंग एक पिढी उशिरा दिसतो. तुसाचा काळा रंग आणि कुसळही याच न्यायाने चालतात. दाण्याच्या आतल्या पिठाचे गुण तसे नाहीत. चिकट आणि बिनचिकट भाताचा संकर केला, तर पहिल्या पिढीच्या एकाच लोंबीत दोन्ही प्रकारचे दाणे शेजारी शेजारी सापडतात.

पहिल्या पिढीचे झाड पसरट, फुटव्यांनी भरलेले, कुसळांचे, काळ्या तुसाचे आणि दाणे गाळणारे असते. माणसाने हजारो वर्षांत साळीत जे निवडले ते बहुतांशी अप्रभावी (दोन्ही प्रती तशाच असल्या तरच गुण दाखवणाऱ्या) जनुकांच्या रूपाने निवडले आणि रानातल्या प्रती प्रभावी राहिल्या, हे त्याचे कारण आहे. दाणा गळण्याच्या बाबतीत चौथ्या गुणसूत्रावरचे एसएच-४ हे जनुक मुख्य असून त्यातल्या एका छोट्याशा बदलाने साळीचा दाणा लोंबीला धरून राहू लागला. लाल रंगाचे आरसी हे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, आणि जगातल्या बहुतेक पांढऱ्या तांदळांत त्याचा डीएनएच्या १४ अक्षरांचा तोच एक तुकडा गळालेला आढळतो.

या झाडाच्या लोंब्यांना दाणा भरू लागताच मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात. पहिल्या वर्षी मी हे पुढे ढकलले आणि एका रात्रीच्या वाऱ्याने निम्मे बियाणे बादलीत आणि अंगणात गेले. पुढच्या मृगात न्हाणीच्या पाटाशी आठ-दहा रोपे उगवली, तेव्हा ती कोणाची हे विचारावे लागले नाही. काही दाणे पोचट निघाले तर घाबरू नये. दूरच्या संकरात थोडे वांझपण येतेच. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल, तर आयोडीनच्या द्रावणात पराग टाकून पाहावेत : जिवंत पराग काळपट निळे होतात, वांझ फिके राहतात.

दुसरी पिढी मोजणे

दुसऱ्या पिढीचे बियाणे ताबडतोब पेरू नये. रान भाताचा दाणा महिनोन् महिने झोपून राहतो, आणि ही सुप्ती अंशतः लाल रंगाच्या त्याच आरसी जनुकाशी बांधलेली आहे. उन्हाळाभर कोरडे ठेवलेले बियाणे मृगापर्यंत बरेचसे जागे होते. घाई असेल तर तूस काढून पेरावे. जी रोपे आधी उगवली तेवढीच घेऊन उशिराची टाकून दिली, तर आपण नकळत सुप्ती नसलेल्या झाडांची निवड करून बसतो आणि पुढचे सगळे प्रमाण बिघडते. म्हणून शेवटचा दाणा उगवेपर्यंत किंवा कुजेपर्यंत थांबावे.

प्रत्येक रोपाला क्रमांक द्यावा आणि वहीत एकेक ओळ लिहावी, उदाहरणार्थ : ‘क्र. १७, पसरट, कुसळ बोटभर, तूस काळे, दाणा पांढरा, मुठीत ४० पैकी ३१ गळले.’ गळीची चाचणी सोपी आहे. फुलोऱ्यानंतर तिसाव्या दिवशी लोंबी मुठीत धरून प्रत्येक वेळी सारख्याच जोराने हलकेच दाबावी आणि गळलेले दाणे मोजावेत. ही चाचणी एकाच माणसाने करावी, कारण दोघांच्या मुठी सारख्या नसतात.

दाण्याच्या रंगासाठी प्रत्येक झाडाचा एक दाणा सोलला तरी पुरते. एका जनुकाचा खेळ असेल तर तीन लाल आणि एक पांढरे असे प्रमाण अपेक्षित असते. समजा, ९६ झाडांपैकी ७८ लाल आणि १८ पांढरी निघाली. अपेक्षा ७२ आणि २४ची होती. फरक दोन्हीकडे ६चा. फरकाचा वर्ग ३६. तो ७२ने भागून ०.५ आणि २४ने भागून १.५, बेरीज २. ही बेरीज ३.८४च्या, म्हणजे दोनच प्रकार असताना संख्याशास्त्रात धरल्या जाणाऱ्या मर्यादेच्या, आत आहे, म्हणजे हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो आणि ३:१चा अंदाज सोडण्याचे कारण नाही. कधी कधी लाल आणि पांढऱ्याच्या जोडीला तपकिरी दाण्याची झाडेही निघतात आणि प्रमाण ९:३:४ कडे जाते; तेव्हा आरडी नावाचे दुसरे जनुकही दोन्ही आईबापांत वेगळे होते असे समजावे. कुसळाच्या लांबीत अनेक जनुकांचा हात असल्यामुळे तिथे स्वच्छ प्रमाणाची अपेक्षा करू नये. लांबी मोजून लिहावी आणि पुढे जावे.

येथे सहलग्नतेची, म्हणजे एकाच गुणसूत्रावरचे जवळचे जनुक बरोबरच उतरण्याची गाठ पडते. दाणा गळणे, तुसाचा काळा रंग आणि कुसळाचे काही जनुक चौथ्याच गुणसूत्रावर आहेत. लाल रंग आणि पसरट वाढ सातव्याच्या एकाच टोकाकडे आहेत. त्यामुळे रानटी गुण सुटे न येता टोळीने येतात, आणि काळ्या तुसाचे पण दाणा धरून ठेवणारे, किंवा उभ्या वाढीचे पण लाल दाण्याचे झाड दिसले, तर ते जपून ठेवावे, कारण तिथे टोळी फुटलेली असते. लाल दाणा हा दोष मानायचा की गुण, हे ज्याचे त्याने ठरवावे. सिंधुदुर्गात वालय या स्थानिक भाताची लाल पेज आवडीने पिणाऱ्या घराला तो काढून टाकण्याचे काहीच कारण नाही.

प्रतिसंकर

साळीसारखे भात आणि रानातला एखादाच गुण असे हवे असेल, तर दुसऱ्या पिढीत शोधत बसण्यापेक्षा पहिल्या पिढीचे झाड पुन्हा साळीला द्यावे. दाणा न गळणारे आणि पांढरे असे, वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे दोन अप्रभावी गुण एकत्र असलेले झाड दुसऱ्या पिढीत सोळात एक येते, आणि ते निदान एक तरी मिळेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ४७ झाडे लावावी लागतात. प्रतिसंकरात तेच झाड चारात एक येते आणि ११ झाडे पुरतात. शिवाय रानातला एक प्रभावी गुणही त्याच झाडात हवा असेल, तर ते आठात एक येते आणि २३ झाडे लागतात. परसात एवढ्या बादल्या मावतात. शेकडो मावत नाहीत.

प्रत्येक प्रतिसंकराला रानाचा वाटा सरासरीने निम्मा होतो : पहिल्यानंतर २५ टक्के, दुसऱ्यानंतर १२.५, तिसऱ्यानंतर ६.२५. मात्र ही सरासरी सर्व गुणसूत्रांची आहे. ज्या जनुकासाठी आपण झाड राखतो त्याच्या आजूबाजूचा रानटी तुकडा यापेक्षा बराच हट्टी असतो आणि नको असलेले शेजारी बरोबर ओढून आणतो. तो तोडण्यासाठी टोळी फुटलेली झाडेच पुढच्या प्रतिसंकराला घ्यावीत. हवा असलेला गुण अप्रभावी असेल तर प्रतिसंकरानंतर तो दिसतच नाही. तेव्हा मध्ये एक पिढी स्वपरागीकरणाने घेऊन गुण असलेले झाड ओळखावे आणि मगच पुढे जावे.

या सगळ्या काळात बादल्या फुलोऱ्यातल्या खाचरांपासून दूर ठेवाव्यात. गळणाऱ्या, लाल दाण्याच्या तणभाताने एकदा खाचर धरले तर बेणणीत ते ओळखता येत नाही, कारण निसवेपर्यंत ते साळीसारखेच दिसते, आणि निसवल्यावर कापणीच्या आत गळून मोकळे होते. नको असलेल्या लोंब्या पिशवीसकट चुलीत घालाव्यात, गुरांच्या पेंढ्यात मिसळू नयेत. बादल्यांतली माती शेतात ओतू नये. ती तशीच ठेवून पुढचे दोन पावसाळे त्यातून उगवेल ते प्रत्येक रोप पोटरीला येण्याआधी उपटावे.